चर्च, मत आणि मतचाचण्या : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या निवडणुका जवळ आल्या की 'चर्चला जाणारे कुणाला मत देतात' याबद्दलचा तोच गोंधळ पुन्हा पत्रांतून येऊ लागतो. म्हणून ही उत्तरं.

प्रश्न : नियमित चर्चला जाणारा अमेरिकन रिपब्लिकनच असतो ना?

उत्तर : नाही. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट समाज चर्चला भरपूर जातो आणि प्रचंड बहुमताने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतो. अटलांटाच्या एबेनेझर बाप्टिस्ट चर्चचे मुख्य पाद्री राफाएल वॉर्नॉक हे त्याच पक्षाचे सिनेटर आहेत.

प्रश्न : मग चर्चमुळे मत बदलतं, हे सगळं खोटंच म्हणायचं का?

उत्तर : फरक खरा आहे. 2000 सालच्या एक्झिट पोलमध्ये आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा चर्चला जाणाऱ्यांपैकी 63 टक्के रिपब्लिकन उमेदवार बुश यांच्याकडे होते, तर कधीच न जाणाऱ्यांपैकी 61 टक्के डेमोक्रॅटिक उमेदवार गोर यांच्याकडे. पण तो फरक चर्चमुळेच पडला, हे त्या आकड्यांतून सिद्ध होत नाही. नियमित जाणारी माणसं बहुधा वयाने मोठी, लग्न झालेली, एका गावात स्थिरावलेली असतात, आणि या प्रत्येक गोष्टीचा मताशी संबंध असतो. मतदानाला बाहेर पडण्याबद्दल मात्र एक चांगला पुरावा आहे. रविवारी दुकानं बंद ठेवण्याचे जुने कायदे ज्या राज्यांनी रद्द केले, तिथे चर्चची हजेरी घटली आणि पाठोपाठ मतदानही घटलं. म्हणजे चर्चची सवय माणसाला केंद्रापर्यंत नेते. तिथे तो कोणतं बटण दाबेल, हा वेगळा प्रश्न.

प्रश्न : मी पत्रकार आहे. पेनसिल्व्हेनियातल्या 800 जणांच्या चाचणीत 'दर आठवड्याला चर्चला जाणारे कॅथलिक' महिन्याभरात 12 टक्क्यांनी दुसरीकडे झुकल्याचं पत्रक आलं आहे. उद्या छापायचं आहे. छापू का?

उत्तर : छापू नका. आधी हिशोब करा. 800 पैकी कॅथलिक समजा 200. त्यातले दर आठवड्याला जातो म्हणणारे समजा 50. पन्नास माणसांवरच्या आकड्यात चूक होण्याची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) दोन्ही बाजूंना सुमारे 14 टक्के असते आणि दोन महिन्यांची तुलना केली की ती आणखी रुंदावते. तुमचे 12 टक्के तिच्यात बुडून जातात. पत्रकावर छापलेली साडेतीन टक्क्यांची मर्यादा अख्ख्या 800 जणांची आहे. ती या पन्नास जणांना लावणं ही फसवणूक आहे आणि ती सर्रास चालते, कारण 'श्रद्धावान मतदार फिरला' हा मथळा विकला जातो.

दुसरं दुखणं याहून खोल आहे. हे पन्नास जण खरंच दर आठवड्याला जातात का? प्रश्न साधारण असा असतो : 'लग्न आणि अंत्यविधी सोडून तुम्ही प्रार्थनासभेला किती वेळा जाता?' समोरचा माणूस कॅलेंडर बघून उत्तर देत नाही. आपण कसे आहोत असं त्याला वाटतं, ते तो सांगतो. ओहायोतल्या ॲश्टाब्युला काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) संशोधकांनी प्रत्यक्ष हजेरी मोजली. 1993 साली त्यांनी निष्कर्ष मांडला की लोकांच्या सांगण्याच्या जवळपास निम्मीच माणसं खरोखर येतात. अलीकडे मोबाइलच्या ठिकाणांवरून झालेल्या अभ्यासात दर आठवड्याला जाणारे सुमारे 5 टक्केच निघाले, सांगणारे मात्र 22 टक्के होते.

त्यात भर म्हणजे फोनवर जिवंत माणूस विचारतो तेव्हा लोक हजेरी वाढवून सांगतात, पडद्यावर एकटे भरताना कमी. चाचणी फोनवरून ऑनलाइन झाली की एकाही माणसाने चर्च सोडलेलं नसताना 'चर्चला जाणारे घटले' अशी बातमी तयार होते. म्हणून कंपनीकडून चार गोष्टी लेखी मागा : या गटात माणसं किती, प्रश्न शब्दशः काय, विचारला कसा आणि पैसे कुणी दिले. उत्तर टाळलं तर कागद केराच्या टोपलीत टाका. उत्तर मिळालं तरी छापण्याआधी एखाद्या संख्याशास्त्रज्ञाला दाखवा. 'उद्या छापायचं आहे' हे कारण चालणार नाही.

प्रश्न : 2004 ची निवडणूक 'नैतिक मूल्यां'वर जिंकली गेली, असं सगळीकडे वाचलं.

उत्तर : एक्झिट पोलमध्ये दिलेल्या यादीतून सर्वांत महत्त्वाचा मुद्दा निवडायला सांगितलं तेव्हा 22 टक्के मतदारांनी 'नैतिक मूल्यं' निवडली, बस. यादी न देता विचारलं तेव्हा तो आकडा बराच खाली आला.

प्रश्न : आमच्या चर्चच्या समितीत चर्चा चालू आहे. व्यासपीठावरून उमेदवाराचं नाव घ्यायला आता मोकळीक आहे, असा मेसेज फिरतोय. खरं का?

उत्तर : मेसेजवर समिती चालवू नका. चर्चसारख्या करमाफी असलेल्या संस्थांना उमेदवाराचा प्रचार करायला 1954 पासून बंदी आहे. जुलै 2025 मध्ये करखात्याने टेक्सासमधल्या एका खटल्यात, पाद्रींनी प्रार्थनासभेत आपल्याच मंडळींशी बोलणं त्या बंदीत येत नाही, अशी भूमिका मांडली. ही न्यायालयात मांडलेली भूमिका आहे, त्याने कायद्याचे शब्द बदलत नाहीत. पक्ष न बघता मतदार नोंदणी करणं, म्हाताऱ्या माणसांना केंद्रावर नेणं यात अडचण नाही. नाव घ्यायचं असेल तर आधी करविषयक वकिलाला विचारा आणि त्याचं मत लेखी घ्या.

प्रश्न : रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांनी मिळून आगाऊ मतदानाला जाता येईल का?

उत्तर : राज्यावर आणि काउंटीवर अवलंबून आहे. जॉर्जियात 2021 च्या कायद्याने आगाऊ मतदानाचे दोन रविवार काउंटीच्या मर्जीवर सोडले आहेत. नोंदणीची मुदतही जागोजागी वेगळी, टेक्सासमध्ये ती मतदानाच्या 30 दिवस आधी संपते. आपल्या काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला याच आठवड्यात फोन करा.