पंधरातून तेरात, आणि परत

प्रश्न : वेल्सचा जोनाथन डेव्हिस रग्बी युनियन सोडून रग्बी लीगमध्ये गेला तेव्हा एवढा गहजब का झाला? दोन्ही रग्बीच ना?

उत्तर : वाद खेळाचा नव्हता, पैशाचा होता. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी खेळाडूंच्या बुडालेल्या रोजाची भरपाई मागत वेगळी चूल मांडली. तीच पुढे लीग झाली. युनियन त्यानंतर शंभर वर्षं हौशी राहिलं (निदान कागदावर तरी!), आणि लीगशी करार करणाऱ्याला तिथे पुन्हा जागा नव्हती. डेव्हिस हा वेल्सचा फ्लाय-हाफ, म्हणजे संघाचा डाव रचणारा खेळाडू. १९८८ मध्ये वेल्सने ट्रिपल क्राउन जिंकला, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांनाही हरवलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच्या कर्णधारपदाखालचा संघ कार्डिफमध्ये रुमानियाकडून हरला. जानेवारी १९८९ मध्ये तो विडनेस या लीग क्लबकडे गेला, सव्वादोन लाख पौंडांच्या आसपासच्या रकमेवर.

प्रश्न : मैदानावर त्याला नेमकं काय नव्याने शिकावं लागलं?

उत्तर : शिकण्यापेक्षा विसरावंच जास्त लागलं. युनियनमध्ये खेळाडू पाडला गेला की चेंडूसाठी झोंबाझोंबी सुरू होते. लीगमध्ये पडलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो आणि आपलाच संघ पुढे खेळतो. असं सहा टॅकलपर्यंत (म्हणजे सहा वेळा पाडलं जाईपर्यंत) चालतं. क्रिकेटच्या षटकासारखाच हिशेब. म्हणून मैदान कमावण्यासाठी पहिल्या-दुसऱ्या टॅकललाच किक मारली तर हातातले उरलेले टॅकल फुकट जातात. किक बहुधा पाचव्या टॅकलनंतर येते. शिवाय डेव्हिसचं हुकमी अस्त्र असलेला ड्रॉप गोल (चेंडूचा जमिनीवर टप्पा पाडून खांबांमधून मारलेली किक) युनियनमध्ये तीन गुणांचा, लीगमध्ये तेव्हा एकाच गुणाचा.

खरी कसोटी बचावात लागते. लाइन-आउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ पुन्हा सुरू करणं) नाही, त्यामुळे दम खायला उसंत कमी. युनियनच्या पंधराऐवजी तेराच खेळाडू आणि प्रत्येक टॅकलनंतर बचावाची रांग मागे न्यायची (त्या काळी पाच मीटर, १९९३ पासून दहा). युनियनच्या फ्लाय-हाफला अवजड फॉरवर्ड्सपासून आडोसा मिळतो. लीगमध्ये त्याच जागेवर ते थेट अंगावर येतात. नवख्याची चूक ठरलेली असते : टॅकल केल्यावर तो क्षणभर जमिनीवर रेंगाळतो, आणि रांगेत भोक पडतं. डेव्हिसला सेंटर (मधल्या फळीत) आणि फुलबॅकला (सर्वांत मागे) खेळवलं ते म्हणूनच योग्य होतं. तिथे मोकळी जागा, आणि त्याचा वेग कामी येतो. १९९४ च्या ऑक्टोबरात वेम्बलीवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने फुलबॅकवरूनच बाहेरच्या अंगाने धावत कोपऱ्यात ट्राय केली, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला. कर्णधार शॉन एडवर्ड्स बाहेर काढला गेल्याने ग्रेट ब्रिटन बारा जणांनी खेळत होतं, तरी ८-४ ने जिंकलं. मालिका मात्र ऑस्ट्रेलियाने नेली.

प्रश्न : मग बंदी असताना तो युनियनमध्ये परतला कसा?

उत्तर : बंदीच उरली नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये युनियन व्यावसायिक झालं आणि नोव्हेंबरात तो कार्डिफकडून खेळू लागला. तेहतिसाव्या वर्षी सवयी पुन्हा उलट्या वळवायच्या : टॅकल झाला की चेंडू सोडायचा आणि मदतीला माणसं पोचतील इतक्याच अंतरावर धावायचं. दरम्यान युनियनमधली ट्रायही चाराची पाच गुणांची झाली होती. त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना मार्च १९९७ मध्ये इंग्लंडविरुद्ध, कार्डिफ आर्म्स पार्कवर. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत मालिका जिंकणाऱ्या लायन्स संघात (ब्रिटन आणि आयर्लंडचा एकत्रित युनियन संघ) लीगहून परतलेले वेल्सचे चौघे होते : गिब्स, बेटमन, क्विनेल आणि यंग.