यादी खालून वर वाच

अनेक आशीर्वाद.

लाकडी बाहुल्या परदेशी विकायचा तुझा बेत सांगणारं पत्र मिळालं आणि सोबतची यादीही. निर्यातदाराला सरकारकडून काय काय मिळू शकतं याची चौदा कलमं तू जमवली आहेस. कष्ट दिसतात. पण क्रम पाहून हसू आलं. सगळ्यात वर रोख अनुदान, त्याखाली शुल्क परतावा, मग कमी व्याजाचं कर्ज, मग प्रदर्शनाच्या भाड्यातली सवलत. आणि पार तळाला, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, 'माहिती, सल्ला, पत विमा'. धंद्याच्या पहिल्या वर्षी मीही अशीच यादी केली होती. आज करायला बसले तर तीच खालून वर लिहीन.

रोख पैशाचं आधी उरकून टाकू. जागतिक व्यापार संघटनेचा अनुदानांबाबतचा करार १९९५ पासून लागू आहे. माल निर्यात करण्याच्या अटीवर दिलेलं अनुदान त्यात सरळ निषिद्ध आहे. सूट आहे ती अतिशय गरीब देशांना, आणि शेतमालाचे नियम निराळे. म्हणजे आज दिसणारी योजना उद्या दुसऱ्या एखाद्या देशाच्या तक्रारीवरून गुंडाळली जाऊ शकते, किंवा आयात करणारा देश रीतसर चौकशी करून तुझ्या मालावर जादा शुल्क बसवू शकतो. त्याहून वाईट म्हणजे बायरलाही या योजना पाठ असतात. भाव ठरवताना तो अगदी शांतपणे म्हणतो, तुम्हाला सरकारकडून मिळतंच की, त्यातलं निम्मं आम्हाला सोडा. तेव्हा अनुदान न धरता भाव काढ. त्या भावात तोटा दिसला तर तो तोटाच समज. अनुदान मिळालं तर घे, पण ते हिशेबाच्या वहीत वेगळ्या पानावर लिही.

शुल्क परताव्याचं तसं नाही. बाहेरून आणलेल्या रंगावर, चाकांच्या आसांवर तू जे शुल्क भरलंस, ते माल देशाबाहेर गेल्यावर तुला परत मिळतं. भरलं त्यापेक्षा जास्त परत येत नाही तोवर करारही त्याला अनुदान मानत नाही. ते तुझेच पैसे आहेत, पै न पै माग. फक्त कुठल्या बिलातला रंग कुठल्या खेपेत गेला हे दाखवता आलं पाहिजे, आणि हे वर्षाअखेरीस आठवून लिहिता येत नाही.

आता तुझ्या लाकडी बाहुलीकडे येऊ. ती खेळणं आहे की शोभेची वस्तू? हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. जगभरचे कस्टमवाले मालाला सहा आकडी एचएस कोड, म्हणजे वर्गवारीचा क्रमांक, लावतात. ही पद्धत १९८८ पासून चालू आहे. पहिले चार आकडे पाहिले तर खेळणी ९५०३ खाली येतात, लाकडी शोभेच्या मूर्ती ४४२० खाली. कोड बदलला की आयात शुल्क बदलतं, तुझा परतावा बदलतो, आणि खेळणं ठरलं की सुरक्षेच्या चाचण्या मागे लागतात. युरोपीय संघात सीई चिन्ह, म्हणजे माल तिथल्या नियमांत बसतो अशी खूण, आणि ईएन ७१ या खेळण्यांच्या सुरक्षा मानकाच्या चाचण्या. अमेरिकेत मुलांच्या खेळण्यावरच्या रंगात शिसं दहा लाखात ९० भागांच्या वर चालत नाही. काही जण चाचणीचा खर्च टाळायला खेळण्याला शोभेची वस्तू म्हणून पाठवतात. तू असलं करू नकोस. बंदरातल्या माणसाला चाकं असलेली बाहुली बघून कळतं. खरंच शंका असेल तर ज्या देशात माल जाणार तिथल्या कस्टम खात्याकडून आगाऊ निर्णय लेखी घेता येतो. २०१७ मध्ये अमलात आलेल्या व्यापार सुलभीकरण करारात ही तरतूद आहे, आणि आश्चर्य म्हणजे नवे लोक ती क्वचितच वापरतात.

तुझ्या यादीतली 'माहिती' म्हणजे हीच, आणि त्यातली बरीचशी फुकट आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या प्रत्येक सदस्य देशाला तांत्रिक नियमांसाठी एक चौकशी केंद्र ठेवावंच लागतं. तुमच्याकडे खेळण्यांचा नियम काय, असं विचारलं तर उत्तर देणं हे त्यांचं कामच आहे. नियम बदलण्याआधी देश त्याचा मसुदा जाहीर करतात. ईपिंग नावाच्या मोफत सेवेवर वस्तू आणि देश नोंदवून ठेवलास की ती सूचना थेट तुझ्या ईमेलवर येते. कोण किती माल कुठून घेतं हे पाहायला जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राचा ट्रेड मॅप आहे. हे केंद्र १९६४ पासूनचं, विकसनशील देशांच्या निर्यातदारांसाठी काम करतं. एक संध्याकाळ त्या तक्त्यांवर घालव. ज्या देशाची तुला हौस आहे तो देश लाकडी खेळणी जवळजवळ घेतच नाही, हे तिथे बसल्या जागी कळू शकतं. (आणि हो, खोक्यांचं लाकूडसुद्धा विसरू नकोस. पॅकिंगचं कच्चं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून किंवा दुसरी मान्य प्रक्रिया करून त्यावर तसा शिक्का लागतो. खेळणी पास झाली आणि पॅलेटमुळे कंटेनर अडकला, असं होतं.)

वकिलातीतल्या व्यापार अधिकाऱ्याला पत्र लिहिणार आहेस म्हणतोस. जरूर लिही. निर्यातीला मदत करायला सरकारांनी संस्थाही काढल्या: जपानची जेट्रो १९५८ ची, कोरियाची कोट्रा १९६२ ची. अशा संस्थांचं मूळ काम एकच, परदेशात माणूस बसवून तिथली खबर घरच्या कारखान्यापर्यंत पोचवणं. पण तुझ्या मसुद्यात 'कृपया आमच्यासाठी योग्य बायर शोधून द्यावा' असं वाक्य आहे. ते काढ. तशी पत्रं त्याच्याकडे ढिगानं येतात आणि ढिगातच राहतात. त्याऐवजी विचार: या शहरात लाकडी खेळणी घेणारे घाऊक व्यापारी कोण, ते कोणत्या महिन्यात ऑर्डर ठरवतात, आणि त्यांच्यापैकी कोणाबद्दल पैसे बुडवल्याची तक्रार तुमच्या कानावर आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर येणार नाही. त्यासाठी फोन कर.

प्रदर्शनाबद्दल माझं मत जरा कडू आहे. सवलतीच्या दालनात एकाच देशाचे वीस जण ओळीनं बसवतात. बायर पहिल्याकडे भाव विचारतो, चौथ्यापाशी पोचेपर्यंत तो भाव उतरलेला असतो, आणि आपणच आपल्या शेजाऱ्याच्या पोटावर पाय दिलेला असतो. मी तीन वेळा असा स्टॉल घेतला. पहिल्या वेळी पिशवीभर व्हिजिटिंग कार्डं घेऊन आले, त्यातून एकही ऑर्डर झाली नाही. दुसऱ्या वेळी माझ्या समोरच्या स्टॉलवर खेळणी होती. एक बाई आल्या, हातातली बॅग खाली ठेवली, एक लाकडी गाडी उचलली, अंगठा जिभेला लावून ओला केला आणि चाकावरच्या लाल रंगावर जोरात घासला. मग अंगठा उजेडात धरून पाहिला. तो पुरता लाल झाला होता. त्या काही न बोलता गाडी जागेवर ठेवून निघून गेल्या. स्टॉलवाल्याला काय घडलं ते कळलंही नाही. तो दुसऱ्या कोणाला तरी पुस्तिका देत होता. म्हणून सांगते, पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नकोस, नुसता बघायला जा. बायर काय उचलतात आणि काय ठेवून देतात ते पाहा. पुढे सॅम्पलं नेशील तेव्हा एटीए कार्ने काढ. ते असलं की प्रदर्शनाचा माल शुल्क न भरता तात्पुरता नेता येतो. वाटून टाकायची सॅम्पलं मात्र त्यात बसत नाहीत.

तरी ही मदत फुकट जाते असं म्हणणार नाही. पेरूमधल्या निर्यातदारांच्या आकडेवारीवर अभ्यास झाला आहे. सरकारी संस्थेची मदत घेतलेल्यांनी मुख्यतः नवे देश आणि नव्या वस्तू जोडल्या, असं त्यात दिसलं. नवं दार उघडताना या संस्था कामाच्या.

आता पत विमा, म्हणजे उधारीवर दिलेल्या मालाचे पैसे बुडण्याविरुद्धचा विमा. तुझ्या यादीत तो चौदावा, माझ्यासाठी पहिला.

१९१९ साली, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, ब्रिटिश सरकारनं यासाठी एक खातं उघडलं. युरोपातले बायर खिळखिळे झाले होते, त्यांना उधारीवर माल द्यायला कोणी धजत नव्हतं, तेव्हा पैसे बुडण्याचा धोका सरकारनं अंगावर घेतला. अशा सरकारी संस्थांमधली ती जगातली पहिली. १९३४ मध्ये चार देशांच्या विमा संस्थांनी मिळून बर्न युनियन काढली. आज बहुतेक व्यापारी देशांत अशी एखादी संस्था आहे. बायरचं दिवाळं निघालं, त्यानं पैसे दिले नाहीत, त्याच्या देशात युद्ध पेटलं किंवा तिथल्या सरकारनं परकीय चलन बाहेर पाठवायला मनाई केली, तर बुडालेल्या रकमेचा मोठा भाग मिळतो. सगळी रक्कम सहसा मिळत नाही. थोडा धोका तुझ्याकडे मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे तू डोळे मिटून उधारी देणार नाहीस.

पण मी विम्याला पहिला नंबर देते तो क्लेमसाठी नव्हे. पॉलिसी घेतली की बायरच्या नावावर उधारीची मर्यादा मागावी लागते, आणि विमा संस्था आधी त्याची पत तपासते. त्यांनी मर्यादा नाकारली तर तुला हवी होती ती बातमी माल बंदरात जायच्या आत मिळाली. शिवाय पॉलिसी दाखवली की बँकही खेळतं भांडवल द्यायला कमी कुरकुर करते.

माझी गोष्ट सांगते. माझा पितळी नळांचा धंदा होता. एक बायर चार वर्षांचा, नेमानं पैसे देणारा. एकदा तारीख उलटली. मी फोन केला, तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात. तीन आठवडे गेले. चांगल्या माणसाची तक्रार कशी करायची म्हणून मी विमा संस्थेला कळवलं नाही. उलट त्याचा धीर टिकावा म्हणून दुसरी खेपही पाठवली. मग तो बंदच पडला. क्लेम भरला तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यानं पॉलिसीतलं एक कलम पेन्सिलीनं अधोरेखित करून माझ्याकडे सरकवलं: थकबाकी ठरलेल्या मुदतीत कळवली पाहिजे, आणि थकबाकी असताना त्याच बायरला पाठवलेला माल विम्याखाली येत नाही. पॉलिसी चार वर्षं माझ्याच कपाटात होती. मी फक्त हप्ते भरत होते. ते नुकसान फेडायला पुढची दोन वर्षं गेली.

म्हणून पॉलिसी हातात आली की मुदतींचं कलम आधी शोध आणि प्रत्येक बिलाची तारीख कॅलेंडरवर लाव. आणखी एक. बायरनं मालाच्या दर्जाबद्दल वाद काढला तर तो मिटेपर्यंत विमा संस्था सहसा हात लावत नाही. तेव्हा दोघांच्या सहीचं, सीलबंद सॅम्पल एक तुझ्याकडे आणि एक त्याच्याकडे असू दे. रंगाच्या चाचणीचा अहवालही त्याच पाकिटात ठेव.

कमी व्याजाच्या कर्जाबद्दल आत्ता लिहीत नाही, तुझ्याकडे अजून ऑर्डरच नाही.

व्यापार अधिकाऱ्याच्या पत्राचा नवा मसुदा पाठव, एका पानात बसेल असा. बाहुलीचा कोड कोणता निघाला तेही कळव. आणि तिच्या गालावरच्या लाल रंगावर ओला अंगठा घासून पाहा, मग मला लिही.

कळावे, आशीर्वाद.