घडीची सायकल घेताना आधी टायरवरचा आकडा वाचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बडनेऱ्याहून रोज रेल्वेगाडीनं धामणगाव, तिथून शाळेचं गाव 8 किलोमीटर. ऑटो भरल्याशिवाय हलत नाही आणि एसटीचा भरवसा नाही. नागपुरात एक जुनी, सात गिअरची घडीची, म्हणजे फोल्डिंग सायकल 8 हजारांत मिळून राहिली आहे. घरचे म्हणतात, "हे पोरांचं खेळणं. खेड्यात दोन महिने टिकणार नाही."

घ्या. फक्त पैसे देण्याआधी खाली वाकून टायरच्या बाजूला कोरलेला आकडा वाचा. बाकी रंग, गिअर, सीट मागाहून पाहता येतं.

मी कृषी सहायक. वर्ध्याहून चांदूर रेल्वेला गाडीनं आणि तिथून शिवारात सायकलीनं, असं सहा वर्षं केलं. त्यातली पहिली सायकल मी अशीच रंगावर भाळून घेतली होती. टायरवर 451 लिहिलेलं होतं. म्हणजे काय, ते तेव्हा कोणाला माहीत? 20 इंची चाकांत दोन मापं चालतात: 406 आणि 451. हा रिमवर टायर जिथं बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानदार दोन्हींना वीस इंचच म्हणतो, पण एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. पोरांच्या सायकलींना जो 20 बाय 1.75 किंवा 20 बाय 2.125 टायर असतो, तो 406. तो तालुक्याच्या कोणत्याही सायकल दुकानात खिळ्याला टांगलेला दिसेल. माझा 451 फाटला तेव्हा एका दुकानदारानं "हाच आहे साहेब" म्हणत 406 चढवायला अर्धा तास घालवला, वरून मजुरीही घेतली. शेवटी शहरातून मागवावा लागला आणि तोवर पंधरा दिवस ऑटोच्या मागच्या फळीवर बसून गेलो.

16 इंची घडीच्या सायकलींत हाच घोळ आणखी वाईट आहे. लंडनची ती प्रसिद्ध ब्रॉम्प्टन 349 ची, आणि आपल्याकडच्या पोरांची 16 बाय 1.75 ही 305 ची. ब्रॉम्प्टनची घडी इवलीशी होते, पाहून हेवा वाटतो. पण धामणगावात तिचा टायर फाटला तर तिला घरी टीव्हीशेजारी ठेवा.

दुसरं, वॉल्व्ह पाहा. मोटारसायकलीसारखा जाड वॉल्व्ह असेल तर उत्तम, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड थेट लागतं. लांब, बारीक, टोकाला पेच असलेला वॉल्व्ह असेल तर तुम्ही आणि तुमचा हातपंप, तिसरं कोणी मदतीला येणार नाही. ट्यूब बदलताना, रिमच्या भोकात बसत असेल तर, जाड वॉल्व्हचीच मागा.

आता घरच्यांच्या "खेळण्या"बद्दल. लहान चाक म्हणजे पाय भराभर मारत बसावं लागतं, हा समज सगळीकडे आहे. हिशोब सोपा आहे: पुढच्या चक्राचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचे इंच. आपली काळी 28 इंची सायकल पुढे 44, मागे 18 दातांची धरली तर येतात 68. घडीच्या सायकलीला पुढे 52 आणि मागे 14 असतील तर 20 इंचांवरही 74 येतात. म्हणजे एका पायडलमध्ये ती काळीपेक्षा पुढेच जाते. चाक लहान म्हणून कारखान्यानं पुढचं चक्र मोठं केलेलं असतं. तुमचे 8 किलोमीटर पाऊण तासाच्या आत, सावकाश गेलात तरी. आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिक बीएसएची घडीची सायकल घेऊन विमानातून उड्या टाकत होते, हेही घरी सांगून पाहा. आमच्या घरी काही फरक पडला नव्हता.

खरी तक्रार वेगळी आहे. लहान चाक खड्ड्यात पूर्ण उतरतं. 28 इंची जिथं नुसती उसळते, तिथं ही आपटते. हँडलही हलकं असतं, एक हात सोडून पदर सावरायला गेलात की सायकल धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे वळते. ओढणी किंवा पदर निघतानाच खोचून घ्या. आणि तेवढ्याच अंतराला चाकाचे फेरे जास्त होतात. 8 किलोमीटरला मोठ्या चाकाचे साधारण 3,600, तर हिचे 5,300 च्या आसपास. म्हणून छर्रे, ते ज्यावर फिरतात ते कोन आणि ब्रेकचे गुटके लवकर झिजतात. ते सगळं गावचा मिस्त्री करून देतो. मात्र बिजागरी त्याच्या हाती देऊ नका.

बिजागरीवर जरा जास्त लिहितो, कारण माझ्या हनुवटीवरचे तीन टाके तिथलेच आहेत. घडीच्या सायकलीला दोन मोठ्या बिजागऱ्या असतात: एक फ्रेमच्या मधोमध, दुसरी हँडलच्या दांड्याच्या बुडाशी. सगळं लक्ष फ्रेमच्या बिजागरीकडे जातं, पण तोंडावर पाडते ती हँडलची. मी एकदा गाडी सुटता सुटता उतरलो, घाईत दांडा उभा केला, खटका दाबला, वरची सेफ्टी कडी लावली नाही. आठवडी बाजाराच्या तोंडाशी स्पीड ब्रेकर आला, खटका उघडला आणि हँडल माझ्या मांडीवर. वांग्यांच्या ढिगात पडलो म्हणून तीनच टाके. तेव्हापासून सायकल उलगडली की पुढचा ब्रेक दाबून तिला दोनदा मागेपुढे हिसका देतो. टक् असा जरी आवाज आला तरी बसत नाही.

खटका किती घट्ट हवा? लीव्हर अर्ध्यावर आल्यावर अडायला लागली पाहिजे आणि पुढचं अर्धं अंतर तळहाताचा जोर लागला पाहिजे. बोटानं सहज बंद होत असेल तर सैल आहे, खटक्याचा बोल्ट किंवा नट पाव फेरा आवळा. बंदच होत नसेल तर पाव फेरा सोडा. जोरानं ठोकून बसवू नका. बिजागरीच्या खिळीला महिन्यातून दोन थेंब तेल पुरे, पण जिथं दोन तोंडं एकमेकांवर बसतात ती जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवा. आपल्याकडची काळी माती तेलात मिसळली की तिथं लेप बसतो, मग खटका लागल्यासारखा वाटतो पण लागत नाही. सीटच्या लांब दांड्यालाही तेच: ग्रीस लावलं तर तुमच्या वजनानं तो हळूहळू खाली सरकतो. त्या दांड्यावरची कमाल उंचीची खूण नळीच्या आतच राहू द्या.

जुनी सायकल घेताना उन्हात नेऊन बिजागरीजवळच्या वेल्डिंगवर बोट फिरवा. रंगात केसाएवढी चीर दिसली, तर ती 8 हजारांना काय, 2 हजारांनाही घेऊ नका. ॲल्युमिनियमची फ्रेम आपल्याकडच्या वेल्डिंगवाल्याला जमत नाही. लोखंडी जमते, पण सांधा जरा वाकडा बसला की घडी जुळत नाही.

प्रवासाचं. रेल्वेत जनरलला 35 किलो, स्लीपरला 40 किलो सामान फुकट आहे, पण पासधारकांना सूट एवढी नसते, ते बुकिंग खिडकीवर विचारून घ्या. तिकीट काढून गेलात तर वजनाचा प्रश्न नाही, ही 12 ते 15 किलोंची. अडचण मापाची: डब्यात न्यायच्या पेटीला 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटर असं माप ठरलेलं आहे आणि 20 इंची घडी साधारण 80 बाय 65 बाय 35 होते. कागदावर टीसी अडवू शकतो. माझा अनुभव असा की उघडी सायकल दिसली की वाद होतो, पोत्यात दिसली की ते सामान असतं. मी खताच्या दोन रिकाम्या पोत्या उसवून टेलरकडून खोळ शिवून घेतली. धुतली की वाळते, आणि कोणाला हेवा वाटत नाही. घडी करण्याआधी चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर आणा, म्हणजे गिअरचा भाग आत राहतो. मग जुन्या ट्यूबचा पट्टा कापून घडी बांधा. कारखान्याच्या चुंबकावर विश्वास नको, बडनेऱ्याच्या पुलावर ते सुटतं आणि मागच्याच्या पायावर चाक पडतं. एसटीत कंडक्टर लगेजचं तिकीट फाडेल. फाडू द्या, वाद घालू नका.

काटे. एप्रिल-मेमध्ये वावराची साफसफाई होते, बाभळीच्या काट्या रस्त्यानं ओढत नेतात, आणि त्या दिवसांत आठवड्याला दोन पंक्चर ठरलेले. टायरच्या आत जुन्या मोटारसायकलच्या ट्यूबचा पट्टा घातला की निम्मे तरी कमी होतात, सायकल थोडी जड चालते. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवल्याशिवाय मिस्त्रीला चाक बसवू देऊ नका. तुटलेलं काट्याचं टोक आतच असतं. उन्हाळ्यात हवा कमी भरा असं सगळे सांगतात. पण 25 अंशांची हवा 45 ला गेली तरी 50 पीएसआय दाबाचे 54 च होतात. फुटतं ते उन्हात उभ्या सायकलीचं जुनं ठिगळ, सोल्युशन सैल पडून. म्हणून शाळेत ती सावलीत ठेवा.

आणि पावसाळा. डांबरी रस्ता असेल तिथपर्यंतच. शाळेकडे शेवटचा तुकडा पांदणीचा, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेचा असेल तर जुलैत ही सायकल तिथं घालू नका. मडगार्ड आणि टायरच्या मधे चिखल असा भरतो की चाक फिरायचंच थांबतं. मग तुम्ही सायकल ढकलत नाही, उचलता. फाट्यावरच्या चहावाल्याकडे घडी करून ठेवायची सोय करून घ्या. चिखल लागलाच तर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. वाळू द्या आणि काडीनं झाडा.

पहिले आठ दिवस पोट्टे मागे धावतील. मला एका आजीनं विचारलं होतं, "काहून मोडून राह्यला बाप्पा चांगली सायकल?" तुमच्या शाळेत तिचं नाव "मॅडमची मोडकी सायकल" पडेल, ते मान्य करून टाका. फक्त खटक्याला एकाही पोराला हात लावू देऊ नका. घडी तुम्हीच करा, तुम्हीच उघडा.

नागपूरवाल्याकडून टायरचा, वॉल्व्हचा आणि हँडलच्या बिजागरीचा जवळून फोटो मागवा. 406 दिसला आणि वेल्डिंग साफ असेल तर 7 हजारांपासून बोलायला सुरुवात करा.