कळलावीचा कंद कुंडीत का उगवत नाही? आणि ती घरात लावू नये म्हणतात ते खरं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. नर्सरीतून आणलेल्या कंदाने पहिल्या वर्षी नुसती वेल दिली, फूल नाही, आणि यंदा जुलै उलटला तरी कोंबच नाही, ही एक. आणि सासूबाई म्हणतात बरंच झालं, कळलावी घरात लावली की घरात कळ लागते, ही दुसरी. पहिलीचं उत्तर इथे कुणीही देईल. मी लिहायला बसले ती दुसरीसाठी. हेच वाक्य मी 1994 साली ऐकलं होतं, आणि त्या वेळी मला उत्तर देता आलं नव्हतं.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, सासर संगमेश्वर तालुक्यातलं. लग्नानंतरच्या पहिल्या माघात माहेरी गेले होते, तेव्हा अण्णांनी परसातल्या करवंदीच्या जाळीतून कळलावीचा एक कंद खणून दिला. ज्यांनी हा कंद पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, तो बटाट्यासारखा गोल नसतो. दोन बोटं फाकवावीत तसा असतो, दोन्ही बोटं एका सांध्यात जोडलेली. नांगराच्या फाळासारखा दिसतो म्हणून संस्कृतात या वेलीला लांगली म्हणतात. अण्णांनी तो पेंढ्यात गुंडाळला, वर वर्तमानपत्र बांधलं आणि दोन-दोनदा बजावलं, "टोक सांभाळ. डोळा टोकाला असतो. टोक मोडलं की कंद गेला म्हणून समज." तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या वाक्यातच आहे.

सासरी विहिरीच्या अंगाला गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, पायथ्याशी मी तो लावला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन कोंब वर आले, सरळ, काठीसारखे. हातभर वाढल्यावर पानांची टोकं सुतासारखी वळली आणि गडग्याचे दगड धरत वेल चढू लागली. या वेलीला वेगळे ताणे नसतात, पानाचं टोकच ताण्याचं काम करतं. श्रावण संपता संपता पहिली कळी उमलली. फूल उमलताना हिरवट पिवळं, मग तळाशी पिवळं आणि वर तांबडं, शेवटी सगळंच लालभडक. सहा पाकळ्या वर उलटलेल्या, कडांना लाटा, खाली सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले. त्या वर्षी मी अकरा फुलं मोजली.

मग गौरी आल्या. आमच्याकडे या फुलांना गौरीचे हात म्हणतात. तेरड्याबरोबर गौरीला ही फुलं हवीतच, आणि दरवर्षी ती आणायला पोरं रानात जायची. त्या वर्षी थोरल्या काकी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, स्वतः गडग्यापाशी आल्या आणि माझ्या वेलीची पाच फुलं खुडून घेऊन गेल्या. त्यांनीच ती गौरीला लावली. मी तिथेच उभी होते.

दिवाळीत सासरे आणि थोरले चुलत सासरे यांच्यात वाद झाला. विषय कलमांच्या बागेचा, कुणाच्या वाट्याला किती झाडं. आवाज इतके चढले की शेजारच्या वाडीतली माणसं आली. घरातलं जेवण दोन चुलींवर गेलं. आणि काकी ओटीवर उभ्या राहून म्हणाल्या, "अगो, ही वेल आणलीस तेव्हाच मी ओळखलं होतं. कळलावी ती. घरात कळ लावलीच." सगळे ऐकत होते. माझ्या बाजूने कुणी बोललं नाही. नवराही बोलला नाही. तो मुंबईच्या नोकरीवर परत जायच्या घाईत होता.

त्या बागेचा वाद 1981 पासूनचा होता. तेव्हा मी शाळेत होते. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मार्गशीर्षात काकींनी गड्याला सांगून कंद खणायला लावला. वेल तोवर पिवळी पडून वाळली होती. त्याने पारईचा एकच घाव घातला, कंद सांध्यात तुटला, हाताला लागला तो तुकडा त्याने वहाळाच्या पलीकडे भिरकावला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. काही बोलले नाही, आणि त्यानंतर पुढचा पाऊस सुरू होईपर्यंत काकींशीही बोलले नाही.

पुढच्या जूनमध्ये गडग्यापाशी पुन्हा कोंब आला. एकच. जमिनीत राहिलेल्या तुकड्याचं टोक शाबूत होतं. काकींनी तो कोयत्याने छाटला, आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही. या कंदाचं असंच आहे, एका टोकाला एका वर्षी एकच कोंब. तो मोडला, गोगलगायीने खाल्ला की त्या वर्षीपुरता खेळ संपला. वर वेल नसेल तर खाली पुढच्या वर्षीचा कंदही भरत नाही, कारण जुना कंद दर वर्षी सुकून जातो आणि नवा तयार होतो. पण श्रावणात वहाळापलीकडे गुरं शोधायला गेले, तर करवंदीच्या जाळीवर सहा फुलं डोलत होती. भिरकावलेला तुकडा! कुणी लावला नाही, पाणी घातलं नाही, उतारावर पालापाचोळ्यात पडला आणि रुजला. त्या क्षणी मला जे वाटलं ते आजही सांगता येत नाही. हिवाळ्यात जाऊन मी तो स्वतः खणला, आणि 1996 च्या मे महिन्यात नवऱ्याबरोबर डोंबिवलीला बिऱ्हाड केलं तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या घडीत घालून आणला. आज माझ्या ग्रिलमध्ये ज्या सात कुंड्या आहेत त्या सगळ्या त्या तुकड्याच्या.

आता तुमच्या कंदाचं. न उगवण्याची कारणं माझ्या अनुभवात दोनच. एक, टोकाचा डोळा मोडलेला असतो. नर्सरीवाले कंद गोणीत कोंबून आणतात, त्यात टोकं जातात. दोन, आणि तुमच्या बाबतीत मला हेच दिसतंय, हिवाळ्यात तुम्ही पाणी चालू ठेवलंत. पहिल्या वर्षी वेल आली होती, म्हणजे डोळा जिवंत होता. वेल वाळल्यावर कुंडी रिकामी दिसते, हात राहवत नाही, शेजारच्या गुलाबाला घालताना तिलाही तांब्याभर घातलं जातं. कंद झोपलेला असतो, त्याला मुळं नसतात, ओल्या मातीत तो महिनाभरात सडतो. डोंबिवलीतल्या दुसऱ्या वर्षी माझे दोन कंद असेच गेले. तेव्हापासून नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी पडली की पाणी बंद, आणि डिसेंबर ते मे कुंडी सरळ आडवी करून ग्रिलच्या आतल्या कोपऱ्यात. कंद काढून वाळूत ठेवायचीही गरज नाही.

मेच्या शेवटी कुंडी उपसायची. 12 इंच खोल कुंडी हवी, पसरट नको. लाल माती, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा समप्रमाणात. ताजं शेणखत मुळीच नाही. कंद आडवा ठेवायचा, वर तीन बोटं माती. पहिला पाऊस पडेपर्यंत थांबा, महिनाभर काही दिसलं नाही तरी उकरून बघू नका. उकरून बघणाऱ्यांनीच जास्त कोंब मोडलेत. कोंब वीतभर झाला की लगेच बारीक काठ्या किंवा जाळी द्या. आधार उशिरा दिला की पानांची टोकं एकमेकांनाच धरून बसतात आणि वेल गुंता होते.

फूल न येण्याचं कारण बहुधा कंदाचा आकार. तामिळनाडूत मूलनूर, धारापुरम, वेदारण्यम या भागांत कळलावीची शेती होते, बियांसाठी. तिथे लागवडीला 50 ते 60 ग्रॅमचा कंद घेतात. नर्सरीत प्लास्टिकच्या पिशवीत मिळतो तो करंगळीएवढा असतो, त्याला एक-दोन पावसाळे नुसतं जेवू द्यावं लागतं. मुळाशी सावली आणि शेंड्याला ऊन, हेही हवंच. पूर्ण सावलीच्या गॅलरीत ती वाढेल पण फुलणार नाही. बियांपासून करायची असेल तर तीन-चार वर्षांची तयारी ठेवा.

आणि कृपा करून रानातून खणून आणू नका. औषधासाठी लोकांनी इतके कंद काढलेत की आमच्या बांधांवर पूर्वी दिसायची तशी वेल आता दिसत नाही. अण्णांनी काढला तो काळ वेगळा होता.

आता तुमच्या सासूबाईंचं. कळलावी या नावातली कळ भांडणाची नाही, बाळंतपणाची आहे. कळा याव्यात म्हणून जुन्या काळी हा कंद उगाळून बाहेरून लावत असत, त्यावरून नाव. गर्भनुत् असंही संस्कृत नाव तिला आहे. शब्दाचा दुसरा अर्थ घेऊन लोकांनी एका वेलीला भांडखोर ठरवलं आणि ती लावणाऱ्या बाईलाही. तामिळनाडूचं राज्यफूल हेच, झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूलही हेच. 1947 साली राजकन्या एलिझाबेथच्या 21व्या वाढदिवसाला दक्षिण ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतल्या, मुलांनी तिला याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट दिला. एवढं लांब जायचं नसेल तर आपल्या गौरीकडे बघा. देवीला जे फूल तिचा हात म्हणून लावतो ते अंगणात अपशकुनी कसं होतं? हा प्रश्न मी काकींना विचारायला हवा होता. त्या 2009 साली गेल्या, बागेचा निकाल लागला त्याच्या आधी.

विषारी म्हणून नको, असं कुणी म्हणालं तर ते मी ऐकून घेईन, कारण ते खरं आहे आणि हे मी खरं तर आधीच लिहायला हवं होतं. या वेलीच्या प्रत्येक भागात कॉल्चिसिन असतं, सर्वात जास्त कंदात आणि बियांत. गाऊट या सांधेदुखीच्या आजाराच्या गोळ्यांमध्ये तेच असतं, पण डॉक्टरांच्या मापाने. रताळं किंवा कोनफळासारखा दिसतो म्हणून चुकून खाऊन माणसं दगावलेली आहेत. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, तोवर उशीर होत असतो. चुकून पोटात गेलं तर घरगुती काही करत बसू नका, कंदाचा तुकडा बरोबर घेऊन तडक हॉस्पिटल गाठा. घरात रांगतं मूल असेल, कुत्रं-मांजर माती उकरणारं असेल, तर ही वेल सध्या लावू नका. कंद हाताळताना मी हातमोजे घालते. आणि कळा आणण्याच्या त्या जुन्या उपायाच्या वाटेला तर कुणीच जाऊ नये.

पण मग रुई, धोत्रा, कण्हेर? आयुर्वेदातल्या उपविषांच्या यादीत लांगलीच्या शेजारीच ही तिघं बसलेली आहेत. रुई मारुतीला, धोत्रा महादेवाला, कण्हेर तर आमच्या त्याच अंगणात विहिरीच्या दुसऱ्या बाजूला होती, आणि तिची फुलं काकी रोज पूजेला घ्यायच्या. तिला कुणी पारई लावली नाही. तिच्या नावात कळ नव्हती, आणि ती सुनेने माहेराहून आणलेली नव्हती.

काकी गेल्यानंतर माझ्या सासूबाईंनी मला एकदा सांगितलं, की काकी नवी नवरी असताना रानडुकरांनी बांधावरचे कळलावीचे कंद उकरले होते, ते खाऊन घरची पाडी मेली, आणि गुरं राखायला त्या दिवशी काकी होत्या म्हणून त्यांना महिनोन्‌महिने बोलणी खावी लागली. हे ऐकून मी बराच वेळ गप्प होते. काकींनी मला तेव्हा एवढंच म्हटलं असतं, की अगो हा कंद विषारी आहे, गुरं खातील, तर मी स्वतः तिथे काटेरी कुंपण घातलं असतं, नाहीतर कंद अण्णांना परत दिला असता. त्या पाडीबद्दल बोलल्या नाहीत. कळीबद्दल बोलल्या, तेही चारचौघांत.

म्हणून तुमच्या सासूबाईंशी भांडू नका, पण एकदा शांतपणे विचारा की त्यांनी हे कुणाकडून ऐकलं आणि तेव्हा नेमकं काय झालं होतं. आणि कुंडी अजून फेकू नका. यंदाचा पाऊस तिला आडोशाला ठेवा, आत्ताच कंद हलक्या हाताने चाचपून बघा. मऊ लागला, वास आला, तर संपला. कडक असेल आणि टोक पांढरट दिसत असेल तर तो नुसता रुसून झोपलाय, पुढच्या जूनला येईल. माझ्या तिसऱ्या कुंडीतला 2017 साली असाच पूर्ण वर्ष झोपला होता, 2018 ला त्याने नऊ फुलं दिली, आणि पहिली चार गौरीला गेली.

हे सगळं कोकण-ठाण्याच्या पावसाचं आहे. सोलापूर-नगरकडे असाल तर जून-जुलैत पावसाने ताण दिला की पाणी हाताने घालावं लागेल.