उष्णता आणि दमट हवेने साठवलेली काडतुसं निकामी होतात का?

बरीच वर्षं कपाटात पडून असलेली काडतुसं उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतात का, असं तुम्ही विचारलंय. बिघडतात. मी रायफल नेमबाजी करतो. आमच्याकडे ओलाव्याची धास्ती सगळ्यांनाच असते, उष्णतेकडे मात्र कुणी बघत नाही. माझ्या मते जास्त जपायचं ते उष्णतेपासून, कारण तिने केलेलं नुकसान बाहेरून दिसत नाही आणि भरूनही येत नाही.

काडतुसातली दारू (बारूद) नायट्रोसेल्युलोज या ज्वलनशील रसायनाची असते आणि तयार झाल्यापासूनच ती अगदी सावकाश विघटित होत असते. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, त्यांचं आम्ल बनतं आणि ते विघटनाला आणखी जोर देतं. म्हणून दारूत डायफिनाइलअमीनसारखं स्थिरक मिसळतात. ते हे वायू पकडून ठेवतं, पण तसं करताना स्वतः संपत जातं. तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढलं की विघटनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो. त्यामुळे पत्र्याखालचा माळा किंवा उन्हातली गाडी ही सर्वांत वाईट जागा. 1907 मध्ये ‘इएना’ आणि 1911 मध्ये ‘लिबेर्ते’ या फ्रेंच युद्धनौका तुलाँ बंदरात स्फोटाने नष्ट झाल्या, त्याचा ठपका अशाच बिघडलेल्या दारूवर आला होता. चार डबी काडतुसांचा तसा स्फोट होणार नाही, पण गोळीमागचा दाब भरवशाचा राहत नाही.

दमट हवा काडतुसाच्या पितळी कवचावर आणि प्रायमरवर, म्हणजे आघाताने पेटून दारू पेटवणाऱ्या भागावर, घाव घालते. पॉइंट टू टू (.22 बोअरच्या) काडतुसांत गोळीची पकड सैल असते, ओलावा आत शिरतो, म्हणून ती लवकर दगा देतात. चामडी पट्ट्यात खोचून ठेवलेल्या काडतुसांवर हिरवा थर चढतो, तो चामड्यातल्या आम्लामुळे. ब्रिटिश काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांचं पितळ तडकायचं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण 1921 मध्ये स्पष्ट झालं.

रबरी गॅसकेटचा घट्ट डबा, आत ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि घरातली सर्वांत थंड, कोरडी जागा एवढं पुरतं. थंड डबा दमट खोलीत आणला तर लगेच उघडू नका, आत दव धरतं. काडतुसांना तेल लावू नका, ते प्रायमरपर्यंत झिरपतं.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी निशाण्याच्याच दिशेला ठेवून निदान 30 सेकंद थांबा. बार उशिरा होऊ शकतो. डब्यातून आंबूस, झोंबणारा वास आला किंवा पितळावर खड्डे दिसले, तर ती काडतुसं वापरू नका, कचऱ्यातही टाकू नका. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलिसांना विचारून त्यांच्याकडे सोपवा.