आधी मातीत उतरव, मग बाकीचं बोलू

अगं,

तुझ्या हाती आलेल्या त्या जुन्या आरसी टेनचं, म्हणजे रेडिओवर चालणाऱ्या छोट्या रेसिंग गाडीचं, काय करू असं विचारणारा तुझा एवढा मोठा मेसेज दोनदा वाचला. त्यात तुझं मत कुठे सापडेना, बाकी सगळ्यांची मतं सापडली. एक म्हणतो गोल्ड टब (सोनेरी चॅसीची जुनी गाडी) आहे, हात लावू नको, काचेच्या कपाटात ठेव. दुसरा म्हणतो जुनी मोटर फेकून दे, जास्त ताकदीची ब्रशलेस टाक. घरचे म्हणतात येतील तेवढे पैसे घेऊन विकून टाक आणि सेमिस्टरकडे बघ. आणि तू या सगळ्यांना बरोबर म्हणत बसलीयस, गाडी श्रीखंडाच्या तीन रिकाम्या डब्यांत सुटी पडलीय आणि ऑर्डरची यादी दोन पानांची झालीय.

माझं म्हणणं एकच आहे आणि या पत्रात ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. गाडी मातीत उतरव. आहे तशी, ओबडधोबड, फाटक्या बॉडीची, पण स्वतःच्या चाकांवर वीस फूट पळू दे. त्याच्या आधी एकही निर्णय घेऊ नको.

तुझ्या हातात काय आलंय ते नीट समजून घे. आरसी टेन १९८४ साली आली, कॅलिफोर्नियातल्या टीम असोसिएटेडची, डिझाइन रॉजर कर्टिसचं. तोपर्यंत ज्या ऑफरोड बग्ग्या मिळायच्या त्यातल्या बहुतेक खेळणं म्हणून आधी बनवलेल्या आणि मग लोक त्यावर रेस करायचे, ही मात्र पहिल्या दिवसापासून रेससाठीच काढली. सोनेरी ॲनोडाइज केलेला (विजेने रंगीत थर चढवलेला) ॲल्युमिनियमचा टब, ऑइल भरलेले ॲल्युमिनियमचे शॉक, लांब ट्रॅव्हलचं सस्पेन्शन. १९८५ ला डेल मारला एक-दशांश मापाच्या इलेक्ट्रिक ऑफरोड गाड्यांची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, टू व्हील ड्राइव्हमध्ये जे हॅल्सी याच गाडीवर जिंकला. १९८९ ला ऑस्ट्रेलियात मासामी हिरोसाका आरसी टेनवरच जिंकला, म्हणजे पाच वर्षांनंतरही डिझाइन जगात पहिल्या नंबरावर. ही गाडी या लोकांनी कपाटात ठेवायला बनवली होती का? ज्याला कपाटात हवी त्याच्यासाठी कंपनीने २०१३ मध्ये आरसी टेन क्लासिक म्हणून पुन्हा काढली, कोरी करकरीत, ती घ्यावी आणि ठेवावी. तुझी गाडी कुणीतरी पळवलेली आहे, टबच्या पोटावरचे ओरखडे सांगतायत, आणि ती पळणारी गाडी म्हणूनच परत उभी राहिली पाहिजे.

मी इतका हट्टाने का बोलतो ते सांगतो. माझी गाडी मला आमच्या टूलरूमच्या साहेबांनी आणून दिली, ते अमेरिकेत ट्रेनिंगला गेले होते, कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून सुटकेसमधून आणली. तेव्हा इकडे पार्ट मिळणं म्हणजे कुणीतरी अमेरिकेहून येणार असेल आणि त्याच्या बॅगेत जागा असेल तर. गाडी सेकंडहँडच होती, स्पर गिअरचे (मोटरने फिरणाऱ्या मोठ्या गिअरचे) दात गेलेले, आणि तो एक गिअर येईपर्यंत ती तशीच पडून राहिली, मग शिफ्ट ड्युटी, मग लग्न, मग घर. शेवटी मी डेलरिनच्या (कडक प्लास्टिकच्या) बारमधून गिअर कापून घेतला आणि गाडी पळाली, पण तोवर साहेब गेले होते. त्यांनी ती पळताना कधी पाहिली नाही. हे मला अजून टोचतं, त्यामुळे कुणी मला म्हणालं की काका सगळे पार्ट आले की सुरू करते, तर माझा आवाज चढतो. चढू दे.

आता कामाचं. तू विचारलंयस की टब भोसरीत देऊन पुन्हा ॲनोडाइज करून घेऊ का. नको. पुन्हा ॲनोडाइज करायचं तर आधीचा थर कॉस्टिकमध्ये उतरवतात, त्यात वरचं ॲल्युमिनियमही थोडं जातं, कडा मऊ होतात, आणि कंपनीची सोनेरी छटा तुला कुणीही जुळवून देणार नाही. पॉलिश तर अजिबात मारू नको, रंग त्या पातळ थरातच असतो, घासला की गेला. धुण्याचा सोडा, ओव्हन क्लीनर, डिशवॉशरची पावडर, असलं काही त्याच्या जवळ नको, अल्कलीने ॲनोडाइजिंग खाल्लं जातं. साधं भांडी घासायचं लिक्विड, कोमट पाणी, जुना टूथब्रश, बास. ओरखडे राहू देत. उद्या मातीत उतरवलीस की आणखी पडणारच आहेत.

स्क्रू. तू लिहिलंयस की दोन स्क्रूची डोकी गोल झाली, आणि मला लगेच कळलं तू काय केलंस, घरातल्या मिलिमीटरच्या ॲलन की वापरल्यास. बाई, अमेरिकन गाडी आहे, सगळं इंचात. एक-सोळांश इंच म्हणजे १.५९ मिलिमीटर, तिथे दीडची की बसते असं वाटतं पण ढिली असते, जोर लावला की कोपरे गेले. तीन-बत्तीसांश म्हणजे २.३८, तिथे अडीचची जात नाही आणि दोनची फिरते. बोहरी आळीत इंची सेट माग, मिळतो, आणि चांगला घे, सबंध रिस्टोरेशनमध्ये पैसे खर्च करायची पहिली जागा हीच. गोल झालेल्या डोक्यात बारीक करवतीने खाच पाड आणि चपट्या स्क्रूड्रायव्हरने काढ, घाई करू नको. परत बसवताना प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरव, टक् करून जुन्या आट्यात बसलेला जाणवतो, मग सुलटा घट्ट कर, नाहीतर दर वेळी नवीन आटे पडतात आणि दोनचार वेळात भोक पोकळ होतं. थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावतात तो गोंद) फक्त धातूत धातू जातो तिथे, मोटरच्या स्क्रूला वगैरे. प्लास्टिकला नको.

गिअरबॉक्सबद्दल मात्र जरा बसून बोलायला हवं, कारण तुझ्या यादीत सगळ्यात महागडी ओळ तीच आहे, पूर्ण नवीन डिफ, म्हणजे डिफरन्शियल. तुझ्या फोटोत तीन गिअरचा स्टेल्थ नावाचा बॉक्स दिसतोय, म्हणजे एकतर गाडी नंतरच्या काळातली आहे किंवा आधीच्या मालकाने सहा गिअरचा मूळ बॉक्स काढून हा बसवलाय, दोन्हीत वाईट काही नाही, पळवायला स्टेल्थ जास्त बरा. आत बॉल डिफ आहे. मोठ्या गिअरच्या भोकांत छोटे बॉल बसतात, दोन्ही बाजूंनी स्टीलच्या रिंगा त्यांना दाबतात, आणि मधला लांब स्क्रू ते सगळं आवळून धरतो, त्याच्याखाली एक चिमुकलं थ्रस्ट बेअरिंग. वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगळ्या वेगाने फिरायचं ते या बॉलच्या लोळण्यावर. वर्षानुवर्षं पडून राहिलं की ग्रीसचा डिंक होतो आणि फिरवलं की दाणे दाणे लागतात, तुला जे खरखर वाटतंय ते हेच. नवीन घ्यायची गरज नाही! उघड, बॉल आणि रिंगा पेट्रोलने किंवा आयसोप्रोपिलने धू (खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब), रिंगांवर बॉलने पाडलेली गोल खाच दिसेल, रिंग उलटी कर. उलट बाजू कोरी असते. ती काचेवर ठेवलेल्या सहाशे नंबरच्या पेपरवर आठच्या आकड्यात हलकी फिरव की झाली तयार. बॉलला सिलिकॉन डिफ ग्रीस, अगदी थोडं, थ्रस्टला त्याचं वेगळं काळं ग्रीस, आणि चाकाच्या बेअरिंगला लावतात ते पिवळं ग्रीस डिफच्या बॉलला लावू नको, त्याने रिंगा घसरतात. आवळताना थोडं आवळ, हाताने फिरव, परत थोडं आवळ. मग स्पर आणि एक मागचं चाक घट्ट धर आणि दुसरं चाक फिरवून बघ, फिरता कामा नये सहज. पण जोर लावून शेवटपर्यंत पिळलंस तर थ्रस्टचा चुरा होईल. आणि स्लिपर क्लच असा ठेव की ताण आला तर डिफच्या आधी स्लिपर घसरेल, डिफ घसरला तर रिंगा जळतात.

बघ, एक पैसा न घालवता यादीतली सगळ्यात मोठी ओळ गेली. तुला कळतंय ना मी का सांगतोय की उघडून, धुऊन, पळवून बघितल्याशिवाय ऑर्डर करू नको? पळवल्याशिवाय तुला कळणारच नाही की खरंच काय गेलंय.

सस्पेन्शनचे नायलॉनचे आर्म तीस-चाळीस वर्षांत कोरडे पडून ठिसूळ झालेले असतात. जुन्या पातेल्यात उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेव आणि त्याच पाण्यात गार होऊ दे, नायलॉन पाणी पितं आणि परत चिवट होतं. आधीच तडा गेला असेल तर मात्र उपयोग नाही, तो बदल. आर्म ज्यांवर हलतात त्या हिंज पिनांवर गंज असेलच, दोन पावसाळे माळ्यावर काढलेत म्हणालीस, बारीक पेपरने साफ कर, आर्म स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. बेअरिंग धुतल्यावर त्यात थेंबभर तेल घाल, नुसतं स्प्रे मारून ठेवलंस तर आधीचं वंगणही निघून जातं. शॉकमध्ये सिलिकॉन ऑइलच, सुरुवातीला तीस वेट जाडीचं, शिलाई मशीनचं तेल नको, ओ-रिंगा फुगतात. भरून दांडा हळूहळू वरखाली कर, बुडबुडे येऊ दे, मग बंद कर. टायर कडक झालेत तर होऊ देत, पहिल्या दिवसाला चालतील. बॉडीचा तडा आतून जाळीची टेप आणि बुटाच्या गमाने धर, आणि तीही नसेल तर बॉडीशिवाय पळव.

इलेक्ट्रिकचं एकच गंभीर आहे, इथे हयगय नको. तो सुजलेला निकेल कॅडमियम पॅक हातमोजे घालून काढ, बाहेर आलेली पांढरी पावडर म्हणजे क्षार आहे, कनेक्टरवरची व्हिनेगरने पूस, आणि पॅक कचऱ्यात नाही, ई-वेस्टला दे. त्या जागी लिपो (लिथियम पॉलिमर) पॅक टाकायचा तुझा विचार आत्ता तरी थांबव. तुझा जुना स्पीड कंट्रोल लिपोच्या आधीच्या काळातला आहे, त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही, तो सेल तीन व्होल्टच्या खाली खेचेल, पॅक कायमचा जाईल आणि नंतर चार्ज करताना आगीची भीती. साधा ७.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक घे. रेडिओ मात्र नवीन घे, २.४ गिगाहर्ट्झचा स्वस्तातला चालेल, क्रिस्टलवाला जुना रिसीव्हर सिग्नल सोडतो आणि गाडी भिंतीवर जाते. मोटर ५४० मापाची ब्रशवाली आहे, ब्रश काढून बघ, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) काळा असेल तर खोडरबराने पूस. ब्रशलेसबद्दल मी आत्ता वादच घालत नाही, ती ताकद त्या जुन्या गिअरांना झेपते का, हा प्रश्न गाडी पळाल्यानंतरचा.

आणि हो, किमतीचं. मला माहितीय तुला कुणीतरी सांगणार, त्या काकांचं ऐकू नको, त्यांनी स्वतःच्या गाडीची वाट लावलीय. सांगू देत. माझ्या टबच्या पोटावरचा सोनेरी रंग मधोमध पूर्ण गेलाय, खाली नुसतं पांढरं ॲल्युमिनियम दिसतं. मी ती खराब केलेली नाही, मी ती वापरलीय, आणि रॉजर कर्टिसने जो टब काढला तो खालून घासला जाणार हे धरूनच काढला. तिची किंमत किती कमी झाली याचा हिशोब मला लोक देतात, पण आमच्या गल्लीतल्या किती पोरांनी त्या गाडीवर पहिल्यांदा डिफरन्शियल म्हणजे काय ते हातात घेऊन बघितलं याचा हिशोब कुणी मागत नाही. त्यातली दोघं आज गाड्यांच्या कंपनीत ट्रान्समिशनवर काम करतात. मला पुन्हा संधी दिली तर मी पुन्हा मातीतच उतरवीन. तू मेकॅनिकलला आहेस, थर्ड इयरला आहेस, वर्कशॉपमध्ये तुम्हाला लेथला हात लावायला किती मिळतो ते तूच मला सांगितलंस, आणि हातात एवढी गाडी असताना तू पार्टच्या वेबसाइट बघत रात्री जागतेस, याचा मला राग येतो, तुझ्यावर माया आहे म्हणूनच येतो.

तर पुढच्या रविवारपर्यंत यादी बंद. डिफ, शॉक, बेअरिंग, रेडिओ, पॅक, एवढंच. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्परच्या मध्ये पातळ कागदाची पट्टी घालून मोटर आवळ, मग कागद काढ, तेवढी फट बरोबर असते. पहिल्यांदा चाकं वर उचलून थ्रॉटल दे, उलटी फिरत नाहीत ना, स्टीअरिंग उलटं नाही ना ते बघ. मग मुरमाच्या ग्राउंडवर, गवतात नको, गवतात मोटरवर लोड येऊन ती तापते. दोन मिनिटं हळू पळव, थांब, मोटरला हात लाव, चटका बसला तर पिनियन एक-दोन दात लहान घे. स्क्रू तपास, ढिले झालेले असणारच. कुठे आवाज येतो, कुठे वळत नाही, काय तुटलं, ते कागदावर लिहून काढ आणि तो कागद घेऊन माझ्याकडे ये, तीच तुझी ऑर्डरची यादी. थ्रस्ट बेअरिंग जुळवायला पहिल्यांदा त्रास होतो, त्यातले बॉल तिळाएवढे असतात, पांढऱ्या ताटात बसून कर. ते नाहीच जमलं तर शनिवारी संध्याकाळी गिअरबॉक्स घेऊन ये, सातनंतर मी घरीच आहे.

तुझा काका