एलईडी ग्रिडमधला नेमका दिवा कसा लावावा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: मायक्रोबिटवर (पाच बाय पाच दिव्यांचा ग्रिड असलेला छोटा संगणक-बोर्ड) वरून दुसऱ्या ओळीतला, डावीकडून चौथा दिवा लावण्यासाठी मी ‘प्लॉट’ या दिवा लावण्याच्या आज्ञेला २ आणि ४ हे आकडे दिले, पण अगदी खालच्या ओळीतला मधला दिवा लागला. असे का व्हावे?

उत्तर: इथे दोन चुका एकत्र आल्या आहेत. मोजणी एकपासून नव्हे, शून्यापासून सुरू होते, त्यामुळे पाच ओळी आणि पाच स्तंभ यांचे क्रमांक ० ते ४ असे असतात. शिवाय आधी आडवे अंतर (एक्स) आणि मग उभे अंतर (वाय) द्यायचे असते. तुम्हाला हवा असलेला दिवा (३, १) या पत्त्यावर आहे. शाळेतल्या आलेखात वाय वरच्या दिशेने वाढतो, इथे तो खाली जाताना वाढतो, कारण मूळ बिंदू डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात असतो. मायक्रोपायथनमध्ये (बोर्डासाठीची पायथन भाषा) एक्स किंवा वाय ५ दिला तर प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो. मेककोडमध्ये (ठोकळे जुळवून प्रोग्राम लिहिण्याची सोय) मात्र तो मुकाट्याने दुर्लक्षिला जातो, आणि चूक शोधायला तेच अधिक त्रासदायक आहे.

प्रश्न: एक ठिपका डावीकडून उजवीकडे सरकवायचा आहे. मागचे दिवे लागलेलेच राहतात. म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण ग्रिड पुसला, तर तो लुकलुकतो. मधला मार्ग आहे का?

उत्तर: आहे. एकदा लावलेला दिवा, विझवण्याची आज्ञा मिळेपर्यंत लागलेलाच राहतो. एक्सची किंमत बदलली म्हणून जुन्या ठिकाणचा ठिपका आपोआप हलत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी जुन्या पत्त्यावरचा दिवा विझवावा, मग एक्स एकने वाढवावा आणि त्यानंतर नव्या पत्त्यावर दिवा लावावा. एक्स आधी वाढवून मग ‘अनप्लॉट’ (दिवा विझवण्याची आज्ञा) केले, तर जो दिवा अजून लागलेलाच नाही तोच विझवला जातो, आणि मागचा माग तसाच राहतो. लुकलुकण्याचे कारण बहुधा पुसणे आणि काढणे यांच्या मध्ये ठेवलेला विराम हे असते. विराम नेहमी चित्र पूर्ण झाल्यावर द्यावा.

एकाच वेळी तीन-चार ठिपके हलवायचे असतील, तर दिव्यांना थेट हात न लावता मेमरीत २५ किमतींची यादी ठेवावी, सगळे बदल त्या यादीत करावेत आणि तयार चित्र एकदमच दाखवावे. कोणता दिवा लागलेला आहे हे ग्रिडला विचारत बसण्यापेक्षा ते आपल्याच यादीत नोंदलेले असणे मला केव्हाही अधिक भरवशाचे वाटते.

प्रश्न: मायक्रोबिटच्या पिन ३ वर (बोर्डाच्या कडेचे जोडणीचे टोक) जोडलेल्या सेन्सरचे आकडे दिवे लागले की उड्या मारतात. सेन्सर खराब आहे का?

उत्तर: बहुधा नाही. पंचवीस दिव्यांना पंचवीस तारा दिलेल्या नसतात. एका वेळी मोजकेच दिवे लावून हे चक्र इतक्या वेगाने फिरवले जाते की डोळ्यांना सगळे एकत्र लागलेले दिसतात. (मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात काही ओळी काळ्या दिसतात, त्या यामुळेच.) पिन ३, ४, ६, ७ आणि १० या ग्रिडच्या स्तंभांनाही जोडलेल्या असतात. सेन्सर पिन ०, १ किंवा २ वर हलवावा, नाहीतर डिस्प्ले बंद करावा.

प्रश्न: आठ बाय आठच्या रंगीत ग्रिडवर (डब्ल्यूएस२८१२बी प्रकारचे दिवे) सम ओळी बरोबर येतात, विषम ओळी मात्र उलट्या. शिवाय लाल सांगितले की हिरवा लागतो.

उत्तर: असे अनेक ग्रिड म्हणजे नागमोडी जोडलेली एकच लांब माळ असते: पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे. शून्यापासून मोजलेल्या सम ओळीत दिव्याचा क्रमांक वाय गुणिले ८ अधिक एक्स असा निघतो. विषम ओळीत एक्सच्या जागी ७ वजा एक्स घ्यावे. म्हणजे (२, ३) चा क्रमांक २६ नसून २९ आहे. हे गणित एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवले की पुढे फक्त एक्स आणि वाय यांचाच विचार करावा लागतो. रंगांची अदलाबदल होते, कारण हे दिवे आधी हिरव्याची, मग लालची आणि शेवटी निळ्याची किंमत वाचतात. लायब्ररीत (हे दिवे चालवणाऱ्या तयार कोडमध्ये) हा क्रम निवडण्याची सोय असते.

या माळेतल्या २९ क्रमांकाच्या दिव्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. प्रत्येक दिवा आपले २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेले पुढे ढकलतो, त्यामुळे एक दिवा बदलला तरी लायब्ररी सगळ्या ६४ दिव्यांची माहिती पुन्हा पाठवते. त्याला जेमतेम दोन मिलिसेकंद लागतात, तेव्हा वेगाची काळजी नको; पण किंमत बदलल्यावर ‘शो’ ही माहिती पाठवण्याची आज्ञा विसरली, तर ग्रिडवर काहीच घडत नाही.

प्रश्न: याच ग्रिडवर उजेडाची किंमत २५५ ऐवजी १२८ दिली तरी उजेड निम्मा वाटत नाही.

उत्तर: हा दिवा वेगाने चालू-बंद होत असतो आणि १२८ वर तो निम्माच वेळ चालू राहतो, पण डोळ्याला उजेडातला फरक त्या प्रमाणात जाणवत नाही. निम्मा वाटावा यासाठी ५५ च्या आसपासची किंमत देऊन पाहावी. विजेच्या दृष्टीनेही ते हिताचे आहे: पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ६४ दिव्यांना जवळजवळ ३.८ अँपिअर लागतात. इतका प्रवाह बोर्डावरून घेऊ नये. ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा जोडावा आणि त्याचा ग्राउंड (ऋण बाजू) बोर्डाच्या ग्राउंडला जोडायला विसरू नये.